सरड्याच्या चौरंगाखालच्या वाट्या

प्राणी बोलत असत आणि माणसं तेव्हाही ऐकत नसत, त्या काळची ही गोष्ट.

सगुणा नावाच्या बाईने हौसेने एक शिंगवाला सरडा पाळला. त्याला मुंग्या चावू नयेत म्हणून तिने त्याची पेटी चौरंगावर ठेवली आणि चौरंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. दूधभात ती स्वतः भरवी. सरडा तोंड फिरवी आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता.

एकदा वाटीपलीकडून मुंगी म्हणाली, “भाग्यवान आहेस बाबा! आमच्यापासून किती जपते तुला!”

“जपते खरी,” सरडा कसाबसा म्हणाला, “पण मी तुम्हालाच खाऊन जगतो गं.”

मुंगी घाईघाईने मागे सरली.

तेवढ्यात सगुणा आली. “अगंबाई, हाडं दिसायला लागली की रे! मुंग्या छळतात ना माझ्या राजाला?” असं म्हणत तिने चारही वाट्या काठोकाठ भरल्या.