म्हशीच्या वाट्याची भाकरी

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. दोन्हीकडे मकाच पिकायचा, दोन्हीकडे मक्याचीच भाकरी व्हायची, आणि एवढ्या एका कारणावरून दोन्ही गावांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

अलीकडच्या गावात पिठात उकळतं पाणी आणि मीठ घालायचे आणि भाकरी थापायचे चांगली जाडजूड, पायरीच्या दगडासारखी. पलीकडच्या गावात पीठ ताकात आणि गुळाच्या पाण्यात मळायचे, पळसाच्या पानावर पातळ थापायचे आणि पानासकट तव्यावर टाकायचे. पान करपून सुटलं की भाकरीवर त्याच्या शिरा उमटलेल्या दिसायच्या.

अलीकडचे म्हणायचे, "ही कसली भाकरी? हा तर पोरांचा खाऊ."

पलीकडचे म्हणायचे, "तुमच्या भाकरीनं भिंत बांधता येईल."

अलीकडच्यांनी ते मनावर घेऊन एक भिंत बांधली. ती चांगली झाली.

या अलीकडच्या गावात एक घर होतं. त्या घराची रीत गावापेक्षाही वेगळी. ते पिठात चिमूटभर चुलीतली राखही घालायचे. झालं होतं असं, की पणजीच्या काळात एकदा भांडी घासता घासता हाताला लागलेली राख पिठात गेली. पणज्यानं ती भाकरी खाल्ली आणि "हं" म्हणाला. त्या घरातल्या कुठल्याही पुरुषानं कुठल्याही स्वयंपाकाला दिलेली ही पहिली आणि शेवटची शाबासकी. तेव्हापासून राख काही सुटली नाही.

त्या घरात एक सासू होती. चाळीस वर्षांपूर्वी ती पलीकडच्या गावातून सून होऊन आली, तेव्हा तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काय गं, तिकडची गोड भाकरी लागते का तुला?"

ती घाबरून म्हणाली, "छे, मला नाहीच आवडत ती."

झालं. एकदा बोललेलं निभवावं लागतं. पहिल्या वर्षी तिनं राखेची भाकरी डोळे मिटून गिळली. पाचव्या वर्षी डोळे उघडे ठेवून गिळली. विसाव्या वर्षी ती शेजारणीला सांगत होती, "राखेशिवाय भाकरी म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ." आख्ख्या गावात भाकरीच्या बाबतीत तिच्याइतकं कडक माणूस नव्हतं. आणि रोज शेवटचा घास गिळताना तिला गुळाचा वास यायचा. कुठून यायचा, देव जाणे. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, चुलीपुढे बसून ती पातळ भाकरी गरम गरम खायची, एवढीच तिची इच्छा उरली होती. ती तिनं कोणालाही सांगितली नव्हती.

मग मुलाचं लग्न झालं. सून आली ती पलीकडच्याच गावची.

दुसऱ्या दिवशी सुनेच्या हातची पहिली भाकरी. सासरा, मुलगा, शेजारीण, सगळे ओळीनं बसले. सुनेनं सासूच्या ताटात भाकरी वाढली. पातळ, तांबूस, वर पानाच्या शिरा. वाफेबरोबर गुळाचा वास घरभर पसरला.

"आत्याबाई," सून हळूच म्हणाली, "तुमच्या माहेरची रीत आहे म्हणून मुद्दाम केली. एक घास घ्या."

सासूच्या तोंडाला पाणी सुटलं. डोळ्यांनाही सुटलं, पण ते तिनं धुरावर ढकललं. तिनं हात पुढे केला आणि तेवढ्यात तिला दिसलं, की सगळे तिच्याकडे बघताहेत. शेजारीण तर मान वाकडी करून.

सासूनं ताट सरकवलं. "ही जनावरानं खायची भाकरी. म्हशीला घाल."

सुनेला तिच्या आईनं निघताना बजावलं होतं, सासूचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. तिनं पडू दिला नाही. ती उठली आणि भाकरी म्हशीला घालून आली. दुसऱ्या दिवशीही घातली. तिसऱ्या दिवशीही. नको असं कोणी म्हणालंच नव्हतं. रोज सकाळी माणसांसाठी राखेच्या सहा आणि म्हशीसाठी गुळाची एक.

म्हशीचं नाव हौसा. या गोष्टीत नाव फक्त तिलाच आहे, कारण त्या घरात प्रेमानं हाक फक्त तिलाच मारली जायची.

महिन्याभरात हौसाच्या अंगावर तुकतुकी आली. दुधाची चरवी काठोकाठ भरू लागली. सासरा खूश होऊन म्हणाला, "सूनबाई, हिची भाकरी बंद करू नकोस."

"बरं, मामंजी."

"आणि जरा तूप लावत जा."

म्हणजे आता घरात तूप लावलेली गुळाची भाकरी म्हैस खात होती आणि माणसं राख खात होती. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. रीत ती रीत.

हौसा मोठी शहाणी. ती भाकरी आल्याआल्या खायची नाही. आधी सगळी वैरण संपवायची आणि मग शेवटी गोड. त्यामुळे दुपारी सगळे शेतावर गेले, की भाकरी गव्हाणीच्या कडेला तशीच असायची, आणि घरी असायची एकटी सासू.

पहिल्या दिवशी ती गोठ्यात नुसती बघून आली. दुसऱ्या दिवशी वास घेऊन आली. तिसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला आणि गव्हाणीत हात घातला. हौसानं दुसरं टोक तोंडात धरलं. थोडा वेळ दोघींची ओढाताण झाली. शेवटी भाकरीचे दोन तुकडे झाले आणि जिचा तिला मिळाला.

सासूनं तुकड्याला चिकटलेला कडबा काढला आणि तिथंच शेणात उभं राहून तो खाल्ला. गार होता, म्हशीच्या लाळेनं ओला होता. तिला रडू आलं, इतका तो चांगला लागला.

मग ती रोज जाऊ लागली. आणि हळूहळू तुकडा मोठा घेऊ लागली.

हौसाला हे काही पटलं नाही. तिनं दूध चोरायला सुरुवात केली. चरवी अर्ध्यावर आली, मग पाव. सासऱ्यानं गोठ्यात येऊन बघितलं, तर गव्हाणीत भाकरीचा जेमतेम चतकोर उरला होता. त्यानं घरच्यांना बोलावलं; शेजारीणही आलीच.

"हौसाची भाकरी कोणीतरी खातंय," तो म्हणाला.

घरी दुपारी फक्त सासू असते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ती भाकरी आणि ती बाई या दोन गोष्टी एका वाक्यात बसवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

"म्हशीपुढे उभे राहा सगळे," सासरा म्हणाला. "मुकं जनावर खोटं बोलत नाही."

सगळे उभे राहिले. सासऱ्यानं दावं सोडलं. हौसा मुलाला ओलांडून गेली, सुनेला ओलांडून गेली, सरळ सासूपुढे जाऊन थांबली आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्याला लागलेला गूळ तिनं चाटून घेतला.

आता सुटले, असं सासूला वाटलं. सांगायची गरजच उरली नव्हती.

शेजारीण म्हणाली, "बघा, जनावरालासुद्धा कळतं, न्याय कोणाकडे मागायचा ते."

"खरंय," सासऱ्याचे डोळे भरून आले. "मग राहिली कोण? तिकडचीच. लागली माहेरची चटक." तो बायकोकडे वळला. "आता तूच बोल. हौसानं तुला विचारलंय."

मुलगा जमिनीकडे बघत होता. त्या घरातले पुरुष जमिनीकडे बघू लागले, की निकाल लागला असं समजायचं.

सासूनं सुनेकडे बघितलं. सून तिच्या ओठाच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. सासूचा एक शब्द पुरला असता. 'मी' एवढाच. पण त्या 'मी'च्या मागे चाळीस वर्षांची राख होती, आणि शेजारीण अजून गेली नव्हती.

"चटक सुटत नसेल," सासू म्हणाली, "तर तिकडंच राहू दे तिला."

सुनेनं गाठोडं बांधलं. निघताना ती सासूच्या पाया पडायला वाकली आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्याबाई, मागितली असती, तर तुम्हाला गरम वाढली असती."

आणि ती होडीत बसून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसासाठी भाकरी कोणी करेना. मुलाला येत नव्हती. सासूनं ताक घेतलं, गूळ घेतला, पळसाचं पानही आणलं, पण तिचा हात आपोआप चुलीतल्या राखेकडे गेला. चाळीस वर्षांत हाताला दुसरं काही येईनासं झालं होतं. हौसानं ती भाकरी हुंगली, दाव्याला एक हिसका दिला, नदीत उतरली आणि पोहत पलीकडे निघून गेली. पलीकडच्या काठावर तिनं अंग झाडलं आणि मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

त्या दिवशी जेवताना सासूनं ताटातली भाकरी बाजूला ठेवली.

"हौसाची भाकरी मी खात होते," ती म्हणाली. "रोज. सुनेनं कधी हातही लावला नव्हता. तिला घेऊन या."

सासऱ्यानं मुलाकडे बघितलं, मुलानं बापाकडे, आणि दोघं पोट धरधरून हसले.

"तू?" सासरा म्हणाला. "तू तर त्या भाकरीच्या वासानंसुद्धा तोंड फिरवतेस."

"मला ती आवडते हो. पहिल्यापासून आवडते."

दोघांचं हसू थांबलं. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, आई सुनेचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतेय. केवढं मोठं मन."

"मी खरं सांगतेय रे."

"हो, हो," मुलगा म्हणाला. "हौसा गेल्याचा धक्का बसलाय तुला. खाऊन घे दोन घास, बरं वाटेल." त्यानं चुलीतून चांगली मूठभर राख आणली आणि आईला आवडते म्हणून तिच्या भाकरीवर वरून भुरभुरली.

सासूनं भाकरी मोडली आणि खाल्ली. सगळी.

शेजारीण दारातून बघत होती. ती गावभर सांगत सुटली, की बाई असावी तर अशी.

तात्पर्य: आवडतं त्याला वेळेवर आवडतं म्हणावं. खोटं फार वर्षं नीट सांभाळलं, की लोक तेच खरं धरतात, आणि मग आपण कितीही खरं बोललो तरी ताटात राखच पडते.