पट्टेवाली माशी आणि राणीचा पावटा

एक होता राजा, रणधीर नावाचा. वाघ समोर आला तरी हा आपला पान चघळत उभा. पण डंख म्हटला की त्याची बोबडी वळायची. कुणाला ठाऊक नव्हतं, बरं का. राजा असून सांगणार कसं?

त्याची राणी गोजरा. तिनं परसात पावट्याचा वेल लावला होता. त्यावर पडला मावा. पेढ्यातला नव्हे रे शार्दूल, तोंड मिट. पानांचा रस पिणारे इवले इवले काळे किडे. राणी म्हणाली, "आईच्या हातचं शेवटचं बी होतं हो. आता आई नाही. हा वेल गेला की संपलं."

राजाला गलबलून आलं. तो तरातरा परसात गेला. तिथं कोथिंबीर फुलली होती आणि फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या हवेत तरंगत होत्या. राजाला वाटलं, गांधीलमाश्याच. तो लांबूनच ओरडला, "हेच वेलाचे वैरी. हाकला यांना."

मग शेणीचा धूर केला. राजाच खोकून बेजार झाला, माश्या संध्याकाळी परत. मग ढोल बडवले. प्रधानजींना दोन दिवस ऐकू येईना, माश्या होत्या तिथंच. मग राजानं फुललेली कोथिंबीर उपटवली. माश्या गेल्या. राजानं मिशीला पीळ दिला.

आणि मावा? दुप्पट झाला. वेल मान टाकायला लागला. राणी त्याच्याशेजारी बसून रडायला लागली.

राजा तिची समजूत घालायला वाकला, तोच एक चुकार माशी आली आणि त्याच्या घामेजल्या नाकावर बसली. सेनापती सूप उगारून धावला आणि थबकला. राजाच्या नाकावर सूप मारायचं कसं? त्यानं प्रधानजींकडे पाहिलं. प्रधानजींनी आभाळाकडे पाहिलं.

राजा पुतळ्यासारखा उभा. माशीनं नुसता त्याचा घाम चाटला, डंख काही मारला नाही. तिला डंख असतो कुठं? कपडे तेवढे गांधीलमाशीसारखे. मग ती समोरच्या पानावर उतरली आणि माव्यात तांदळाच्या कणीएवढं अंडं घालून उडाली. शेजारीच एक हिरवट अळी चुरमुरे खावेत तसा मावा मटकावत होती.

"तिचंच लेकरू असणार," राणी म्हणाली.

राजाचा चेहरा उतरला. "राणी, मी भ्यालो होतो. वेलाचं नाव पुढं केलं आणि तुझे राखणदारच हाकलले."

"मग आता आणा परत," राणी म्हणाली.

मग राजा गावात गेला. कुणाच्या दारचा शेपू फुललेला, कुणाची बडीशेप. एकेक कुंडी त्यानं स्वतः डोक्यावर घेऊन आणली. भोवती माश्याच माश्या. त्यात एखादी खरी गांधीलमाशी असली तर? राजा रामराम पुटपुटत चालला, पण कुंडी त्यानं सोडली नाही.

माश्या आल्या, अळ्या झाल्या, मावा फस्त झाला. भोगीला सगळ्या गावानं पावट्याची भाजी बोटं चाटून खाल्ली. सगळ्यात टपोऱ्या शेंगा मात्र राणीनं वेलावरच वाळू दिल्या. तिच्या आईचं बी पुन्हा डबाभर झालं.

मग राजा-राणी सुखानं राहिले आणि माश्याही पानाआड निजल्या. चला, आता तुम्हीही निजा पाहू.