देवकूची वाळूपिशवी

फार वर्षं झाली. किती, ते आमच्या गावात कोणी मोजलेलं नाही. तेव्हा तारवेळला धक्का नव्हता, दिवा नव्हता, होड्यांना इंजिन नव्हतं. समुद्र मात्र हाच होता आणि समुद्रातली दातेरीही हीच होती.

दातेरी म्हणजे आमच्या किनाऱ्यासमोरची खडप. ओहोटीला तिचे काळे सुळके पाण्यावर येतात, भरतीला दिसेनासे होतात. तिच्या फटींत गोबरा राहतो, तांबोशी राहते. असा मासा शंभर कोसांत दुसरीकडे नाही, असं म्हणतात, आणि मी ते खरं मानतो.

पण दातेरीवर जाळं टाकता येत नाही, फाटून जातं. तिथे हाताने दोरी सोडायची. दोरीच्या टोकाला वजन, वजनाच्या हातभर वर गरी, गरीला आमिष. वजनासाठी तेव्हा भोक पाडलेला दगड बांधायचे. दगड खाली जायचा आणि दहातून चार वेळा फटीत अडकून बसायचा.

अडकली तर तोडा दोरी, असं तुम्ही म्हणाल. तारवेळला ते चालत नव्हतं. दातेरी सांभाळणाऱ्या देवाने, तिच्या राखणदाराने, दोरीचं दुसरं टोक हातात धरलंय, अशी सगळ्यांची समजूत होती. दोरी तोडली तर त्याचा अपमान होतो आणि मासा उठून जातो. म्हणून दगड अडकला की माणूस खाली जायचा आणि हाताने सोडवून आणायचा.

हे काम एकाच घराचं होतं. त्यांना बुडकर म्हणत. बुडकरांच्या घरातला एक पुरुष डोक्याला लाल फडकं बांधून दातेरीवरच्या होडीबरोबर जायचा. पहिल्या माशाचं डोकं त्याच्या घरी जायचं. देवळात त्याला पुढे बसवायचे. एवढा मान होडीच्या म्होरक्याला, तांडेलालाही नव्हता. तो गेला की त्याचा भाऊ फडकं बांधायचा, भाऊ नसेल तर मुलगा. बुडकरांच्या घरात म्हातारा पुरुष कोणी पाहिला नव्हता.

त्या घरात तिघं भावंडं होती. थोरला बाबल, मधली देवकू, धाकटा धाकू. आईबाप गेलेले. देवकू गावाची शिडं शिवायची. तिचा टाका वादळात उसवत नसे, असं म्हणतात.

बाबल बुडकर होता. त्याने श्वास धरला की किनाऱ्यावरच्या बायका पायलीभर भात कांडून मोकळ्या होत, असं म्हणतात. तो वर आला की पहिल्यांदा हसायचा, मग श्वास घ्यायचा. आख्ख्या गावाचा तो लाडका होता. धाकू त्याच्यासारखा चालायचा, त्याच्यासारखा थुंकायचा, त्याच्यासारखा केस वळवायचा.

एका दुपारी, स्वच्छ उन्हात, वारा नसताना बाबल दातेरीच्या दाढेत उतरला. दाढ म्हणजे खडपीतली सगळ्यात खोल फट. थोड्या वेळाने दोरी सैल झाली. होडीतल्यांनी आनंदाने ओढून घेतली. दगड वर आला. बाबल आला नाही.

तो तिथेच राहिला. त्यावर मी जास्त बोलत नाही.

तेराव्या दिवशी राघू तांडेल दारात आला. लाल फडकं त्याच्या हातात होतं. धाकू वीस वर्षांचा. त्याने आपण होऊन मान वाकवली. तांडेलाने फडकं बांधलं आणि धाकूची छाती अशी फुगली की सदऱ्याचा बंद तुटला.

देवकू उंबऱ्यात उभी होती.

"तांडेलमामा," ती म्हणाली, "दगड कित्याक अडाकता?"

"राखणदार धरता म्हणान."

"मगे वामेक कित्याक धरणा नाय? ती तर दिवसभर थंयच फिरता."

दारातले लोक हसले. तांडेलही हसला. "वाम तेच्या घरची, गो. तू शिडां शिव."

देवकू हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ओहोटी लागली की ती दातेरीच्या अलीकडच्या कातळावर जाऊन बसू लागली. सात दिवस ती पाणी सोडून कुठे बघत नव्हती, असं म्हणतात. काहीजण म्हणतात, तिच्या पायांवर कालवं चढली. ती बघत होती वामेकडे. वाम सापासारखी लांब, मऊ. ती फटीत शिरायची, वळायची, दुमडायची, आणि दुसरीकडून निघून जायची. दगडाला कोपरे असतात, वामेला कोपरा नाही. दगड वाकत नाही, वाम वाकते. राखणदार कोणाला धरत नव्हता. दगडच अडकत होता, कारण तो दगड होता.

हे बाकीच्यांना दिसलं नाही. दोरी सोडणारे पुरुष वरून पाणी बघायचे. खालचं बघायला एकटा बुडकर जायचा, आणि त्याला दगड सोडवायची घाई असायची.

मग ती कामाला लागली. पहिल्यांदा तिने वरवंट्यासारखा लांब दगड बांधून दिला. तो उभा शिरला आणि आडवा होऊन बसला. धाकू उतरला आणि सोडवून आला. मातीची लांब कांडी भाजली, ती खडकावर फुटली. शिडाच्या जाड कापडाची नळी शिवून वाळू भरली. कापड ताठ, तीही अडकली. धाकू परत उतरला. तेव्हा तो वर आला तो खांद्याला चीर घेऊन. गावातले लोक देवकूला विचारू लागले, "काय गो, आज भावाक खंय धाडतंस?"

ते ऐकून ती घरी गेली आणि बाबलचा पंचा काढला. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात भिजून आणि उन्हात वाळून तो लोण्यासारखा मऊ झाला होता. तो कापायला तिला एक दिवस लागला, शिवायला एक घटका. मनगटाएवढी जाड, हातभर लांब पिशवी झाली. तिने ती गच्च भरली, हातावर घेतली. पिशवी काठीसारखी उभी राहिली. मग तिने त्यातली एक मूठ वाळू काढून घेतली. पिशवी तिच्या मनगटावरून दोन्हीकडे घसरली, जिवंत असल्यासारखी.

बारीक विणीचा तो पंचा, आत जाडी वाळू आणि एक मूठ कमी. एवढंच. पण एवढं सुचायला आमच्या गावाला किती बुडकर द्यावे लागले ते बघा.

धाकूने पिशवी पाहिली आणि तो पेटला.

"ह्यो दादाचो पंचो."

"होय."

"दादा ह्या मानासाठी गेलो. तू तो मान पिशयेत भरतंस? उद्या माका कोण विचारतलो? ह्या गावात धाकू कोण?"

"माका मान नको," देवकू म्हणाली. "माका भाऊ होयो."

"मगे घरात बांधून ठेव माका. कोंबड्यासारखो."

"कोंबडो बरो. तो सांजेक घराक येता."

धाकूला हसू आलं आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. तो तसाच उठून तांडेलाकडे गेला. त्याला वाटलं, तांडेल तिला गप्प करील. पण राघू तांडेल खोल माणूस होता. तेरा वर्षांत त्याने एकाच घराला दोनदा फडकं बांधलं होतं, आधी बापाचं बाबलला, मग बाबलचं धाकूला. तो गावासमोर म्हणाला, "दाढेत सात वेळा पिशवी सोडा. सातय वेळा दोरी सुटी इली तर आजपासून कोणी बुडूचा नाय. एकदा जरी अडाकली तर धाकू थंयच्या थंय उतरतलो आणि देवकू परत सुई-दोऱ्याचा नाव काढूची नाय."

दाढ, जिथे बाबल राहिला. तिथे उतरणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. धाकूलाही कळलं, पण तो म्हणाला, "कबूल."

त्या काळी बायका मासेमारीच्या होडीत चढत नसत. देवकू चढली. जिने बांधलं तिनेच सोडायचं, असं ती म्हणाली.

पहिल्यांदा पिशवी गेली आणि आली. दुसऱ्यांदा गेली आणि आली. तिसऱ्यांदा होडीतले लोक पुढे सरकले. चौथ्यांदा दोरी हलली, थबकली, वळली आणि सुटली. दोरी धरलेल्या हातांना खालची प्रत्येक फट कळत होती, असं देवकू पुढे सांगायची. पाचव्यांदा गरीला तांबोशी होती, सहाव्यांदाही होती. होडीतला एकजण म्हणाला, "तांडेलानु, आता पुरे करा." तांडेल म्हणाला, "सात."

सातव्यांदा गरीला गोबरा लागला. त्याने जोरात आत ओढलं आणि पिशवी दोन दगडांमध्ये घट्ट बसली. देवकूने ओढलं. दोरी आली नाही.

धाकू उभा राहिला. त्याने फडकं डोक्यावर आवळलं आणि एक पाय होडीच्या काठावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर बाबलचं हसू होतं, असं म्हणतात. तेच देवकूला सहन झालं नाही.

तिने दोरीचे हाताला दोन वेढे घेतले आणि एकच हिसका दिला. खाली काहीतरी तुटलं. दोरी वर येऊ लागली. दोरीला गरी होती, गरीला गोबरा, पुरुषभर लांबीचा, चौघांनी मिळून होडीत घेतला एवढा. दोरी टोकापर्यंत शाबूत होती. पिशवी तेवढी नव्हती. ती देवकूने एकपदरी कच्च्या सुताने बांधली होती. जो टाका वादळात उसवत नाही तो घालणाऱ्या बाईने, मुद्दाम तुटेल असं सूत वापरलं होतं.

"पिशवी खाली रवली," तांडेल हळूच म्हणाला.

"रवांदे," देवकू म्हणाली. "राखणदाराक मी मूठभर वाळू दिलंय, ती तेचीच. आणि माझ्या भावाच्या पंच्याचो तुकडो दिलंय, तो माझो. आता तेणा माणूस मागूचो नाय."

धाकू अजून काठावर होता. तो म्हणाला, "मी आणतंय. दादाचो पंचो आसा तो."

"दादाचोच आसा," ती म्हणाली. "दादाकडे रवांदे."

असं म्हणतात की तेव्हा दातेरीवरचं पाणी काचेसारखं स्वच्छ झालं. तळ दिसला. दाढेत पिशवी निजलेली होती आणि तिच्याभोवती एक मोठी वाम वेटोळं करून बसली होती. होडीतल्या नऊ माणसांनी ते पाहिलं. काहीजण याहून जास्त पाहिल्याचं सांगतात. मी तेवढं सांगत नाही. मग पाणी पहिल्यासारखं झालं. राघू तांडेलाने स्वतःच्या हाताने धाकूच्या डोक्यावरचं फडकं सोडलं आणि देवकूच्या मांडीवर ठेवलं. धाकू होडीत खाली बसला आणि बाबल गेल्यापासून पहिल्यांदा रडला.

त्या फडक्याची देवकूने दुसरी पिशवी शिवली.

पुढे किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांतून लोक तिच्याकडे येत. ती सगळ्यांना शिकवायची, लपवून काही ठेवायची नाही. डोळे गेल्यावरही ती पिशवी शिवायची आणि हातावर घसरवून सांगायची, "मूठभर जास्त झाली." ती कधीच चुकली नाही, असं म्हणतात. धाकू पुढे तांडेल झाला, आणि ऐंशी वर्षांचा होऊन, ओटीवर खोकत, सुनांना शिव्या देत मेला. बुडकरांच्या घरातला तो पहिला म्हातारा. आमच्या गावात तो मान सगळ्यात मोठा समजतात.

आता शिसं मिळतं, दुकानात हव्या त्या आकाराची वजनं मिळतात. दातेरीवर मात्र आम्ही अजून पिशवीच सोडतो. तिला आम्ही देवकू म्हणतो. पावसाळा संपून होड्या पाण्यात जायच्या आधी गावातली प्रत्येक बहीण घरातल्या पुरुषाच्या जुन्या कपड्याची एक देवकू शिवते. वाळू भरताना शेवटची मूठ परत किनाऱ्यावर टाकते. कच्चं सूत भावाने बांधायचं. देवकू अडकली तर हिसका द्यायचा, सूत तुटू द्यायचं, आणि खाली वाकून बघायचं नाही. त्या दिवसापासून आजवर दातेरीत बुडी मारून आमचा एकही माणूस गेलेला नाही. हे सांगताना आम्ही कोणापुढे मान खाली घालत नाही.

आमच्या घरात यंदा थोरल्या भावाचा निळा सदरा होता. भाऊ श्रावणात तापाने गेला. बहिणीने त्याची देवकू शिवली, मी बांधली. पहिल्याच दिवशी, पहिल्याच खेपेला ती दाढेत बसली. होडीतले सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी धाकूसारखाच आहे ते त्यांना माहीत आहे. मी दोरीचे हाताला दोन वेढे घेतले आणि हिसका दिला. सूत तुटलं. सदरा खाली राहिला. मी वाकून बघितलं नाही. दोरी वर ओढली, तर गरीला तांबोशी होती, लालबुंद, माझ्या हाताएवढी लांब.