भिंगरीचं मागणं

भिंगरीच्या घरी तीन दिवस चूल पेटली नव्हती. तिची आई बांबूच्या टोपल्या विणायची, सुपं विणायची, इवल्या इवल्या परड्या विणायची, आणि त्यावर मायलेकींचं पोट भरायचं. पण बांबूचा एक बारीकसा तुकडा आईच्या उजव्या हातात घुसला आणि हात कोपरापर्यंत टम्म सुजला. वैद्यबुवा म्हणाले, "उद्यापर्यंत सूज उतरली नाही, तर हा हात गेला म्हणून समजा." एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि गेले की निघून!

आता दुसरी एखादी मुलगी रडत बसली असती. भिंगरीला रडू कमी यायचं आणि राग फार. "गेला म्हणे! असा कसा जाईल?" असं पुटपुटत तिने पाण्याचा छोटासा भोपळा खांद्याला अडकवला. आईचा नुकता डोळा लागला होता, म्हणून तिला न उठवताच ती सुजेवर बांधायला निर्गुडीचा पाला आणायला रानात निघाली.

रान कसं नटलं होतं! पिवळीधमक फुलं, निळीजांभळी फुलपाखरं, पानापानांवर उन्हाचे सोनेरी ठिपके. भिंगरीचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. इतक्यात एका बाभळीवरून बारीकसा आवाज आला, "अगं, मला सोडव ना गं!"

बघते तर काय, अंगठ्याएवढी एक परी! तिचा झगा तेरड्याच्या गुलाबी पाकळ्यांचा होता आणि तिचा चिमुकला रुपेरी पंख बाभळीच्या डिंकात घट्ट चिकटला होता. ओढावा तर पंखच फाटायचा. भिंगरीचा घसा उन्हाने सुकला होता, तरी तिने भोपळ्यातलं पाणी थेंब थेंब करत डिंकावर सोडलं. डिंक हळूहळू विरघळला. शेवटचा थेंब संपला आणि पंख मोकळा झाला.

"गुणाची गं माझी बाय!" परी म्हणाली. "मी तेरडापरी. माग काय हवं ते. एकच मागणं हं, आणि तेही नियमात बसणारं."

"माझ्या आईचा हात बरा कर," भिंगरी एका दमात म्हणाली.

तेरडापरीने आपली चमचमती छडी फिरवली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. एक ठिणगीसुद्धा उडाली नाही. परीचा चेहरा एवढासा झाला. "आमचा नियम असा आहे बघ," ती हळूच म्हणाली. "'मुलाने आपलं मागणं मागावं. दुसऱ्याचं मागणं देऊ नये.' आणि हे तर तुझ्या आईचं झालं ना गं?"

"आईचं कसं? मागतेय तर मी!"

"मलाही तसंच वाटतं. पण शब्द असे अंधुक असले, की अर्थ लावायचं काम आवळीमावशीचं. ती आमची न्यायाधीश. चल, तिच्याकडेच जाऊ."

डोंगराच्या कुशीत आवळ्याचं एक थोरलं झाड होतं. त्याखाली हिरव्या मखमली शेवाळाच्या आसनावर आवळीमावशी बसली होती. ही म्हातारी परी, केस चांदीचे, डोळे मायाळू पण दमलेले. तिच्या शेजारी तिचा कारकून, सरडोजी. मोठा ऐटबाज सरडा! मान वर खाली करत त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पानांचं बाड उघडलं.

"यात विचार कसला करायचा, मावशीसाहेब? हात आईचा, म्हणजे मागणं आईचं. याआधी सात मुलांना आपण हेच सांगितलंय. एकाने बहिणीसाठी पांघरूण मागितलं, नाकारलं. एकीने आंधळ्या शेजाऱ्यासाठी काठी मागितली, नाकारली. एकाने तर शेळीच्या पिल्लासाठी..."

"तेही नाकारलंत?" भिंगरी ओरडली. तिचे गाल लालबुंद झाले. "लाज नाही वाटली? सात जणांना रडवलंत, म्हणून आठवीलाही रडवायचं होय? सात जण चुकीच्या वाटेने गेले, म्हणजे ती वाट काय बरोबर झाली?"

सरडोजीचा रंग हिरव्याचा तपकिरी झाला. पण तोही काही दुष्ट नव्हता बरं का. तो भिंगरीजवळ सरकला आणि कुजबुजला, "ए पोरी, डोकं चालव. म्हण, 'आईचा हात बरा झाला की मला भाकरी मिळेल, म्हणून भाकरीसाठी मागते.' झालं मग तुझं मागणं! मी लगेच लिहून घेतो."

भिंगरीच्या पोटात भुकेचा डोंब उसळला होता. 'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो? उद्याचा दिवस उजाडला की आईचा हात जाणार होता. पण तिला अस्सा संताप आला!

"मी नाही खोटं बोलणार," ती म्हणाली. "भाकरी नसली तरी मला आईचा हात बरा झालेलाच हवाय. ती रात्रभर कण्हते, ते मला ऐकवत नाही. हे माझं मागणं नाही, तर मग कुणाचं? आणि मावशी, तुम्ही तरी सांगा. हा नियम केला कुणी? आणि कशासाठी केला?"

खरं सांगायचं तर शंभर वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं! जो तो आपला नियम वाचायचा आणि मान डोलवायचा.

आवळीमावशी सावकाश उठली. परीराज्याची एक जुनी रीत होती. ज्याच्या दुःखापायी नियम करावा लागला, त्याचा एक अश्रू त्या नियमासोबत कुपीत जपून ठेवायचा. मावशीने झाडाच्या ढोलीतून एक इवलीशी हिरवी कुपी काढली, पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि बूच उघडलं.

आतून एका मुलाचा हुंदका ऐकू आला. "परीताई, मला नकोय गं सोन्याचा वाडा. मला पतंग हवाय. पण मागे काका काठी घेऊन उभा आहे. तो म्हणतो, वाडाच माग!"

मावशीच्या डोळ्यांना धार लागली. "म्हणजे अधाशी मोठ्या माणसांनी पोरांचं मागणं हिसकावू नये, म्हणून हा नियम झाला. मुलांच्या राखणीला! आणि आम्ही काय केलं? कुंपणानेच शेत खाल्लं की!"

"पण मावशीसाहेब," सरडोजी चाचरत म्हणाला, "उद्या जो तो आपल्या सोयीचा अर्थ काढेल."

"माझ्या सोयीचा अर्थ मी काढतच नाहीये, सरडोजी. नियमाचे शब्दही बदलत नाहीये. शब्द अंधुक होते, म्हणून ज्याच्यासाठी ते लिहिले त्याला विचारलं. हे मी सात वेळा करायला हवं होतं." मग ती भिंगरीकडे वळली. "बाळ, तुला इथे कुणी पाठवलं?"

"कुणीच नाही. मी रानात आलेय हेसुद्धा आईला ठाऊक नाही."

"मग ऐका माझा निकाल. जे मुलाच्या मनातून उगवतं, ते मुलाचं मागणं. मग ते कुणाच्याही भल्याचं असो. दुसऱ्याने दटावून मागायला लावलं, तरच ते दुसऱ्याचं. भिंगरीचं मागणं तिचं स्वतःचं आहे. ते द्या."

भिंगरी तरीही जागची हलेना. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "आणि ते सात जण?"

मावशी रडता रडता हसली. "सरडोजी, ऊठ. सातही दारं तुझ्याच पायांनी गाठ. आमचं चुकलं, असं म्हण आणि ज्याचं त्याला देऊन ये." सरडोजी शरमेने गुलाबी झाला आणि तुरुतुरु पळत सुटला.

तेरडापरीने छडी उचलली. या वेळी गुलाबी, केशरी, जांभळ्या ठिणग्यांचा नुसता पाऊस पडला! "जा गं माझ्या तिखट बाहुले," ती म्हणाली. "रागवावं तर असं, दुसऱ्यासाठी." तिच्याभोवती उजेडाचा एक झगमगता गोल झाला. तो लहान लहान होत गेला आणि परी त्या उजेडातच विरून गेली.

भिंगरी धावत सुटली ती थेट घरी. दारात आई उभी होती. हाताची सूज उतरलेली, पाचही बोटं मोकळी हलणारी. भिंगरी काही बोलणार, तोच आईने तो हात उगारला आणि तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "कार्टे, होतीस कुठे सकाळपासून? जीव टांगणीला लागला माझा!"

धपाटा चांगलाच लागला. आणि न रडणारी भिंगरी आईच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडली, हसली, आणि म्हणाली, "आई, अजून एक मार ना!"