ठमाईचा काळा पट्टा

फार वर्षांपूर्वी, आजच्या म्हाताऱ्यांच्या आज्यांनीही जी माणसं पाहिली नाहीत त्यांच्या काळात, करंजमाळावर ठमाई नावाची धनगरीण राहत होती. माळ एवढा, की मेंढरं घेऊन पहाटे निघालं तर पलीकडचं टोक गाठेस्तोवर दिवस मावळावा. पावसानंतर तिथं कमरेइतकं गवत उभं राही. होळीपर्यंत ते वाळून खडखडीत होई, आणि मग कुठून तरी एक ठिणगी पडे.

अशाच एका वणव्यात ठमाईचा नवरा मायाप्पा गेला. कोकरं सोडवायला तो परत फिरला, तो धुरातून बाहेर आलाच नाही. त्यानंतर ठमाईनं चूल पेटवली नाही. शेजारणी भाकरी देत, ती मुकाट खाई.

वर्षश्राद्ध झालं तेव्हा सासरा सिद्धाप्पा तिच्यापाशी येऊन बसला.

"पोरी, ती आग मला आडवता आली असती," तो म्हणाला.

थंडीत, दव असताना, गवताचा लांब पट्टा आपल्याच हातानं जाळून ठेवायचा. मग उन्हाळ्यातल्या वणव्याला तिथं खायला काही उरत नाही. ही विद्या सिद्धाप्पाच्या बापाची. पण एकदा सिद्धाप्पाच्या हातून आग सुटली, पाटलाची गंजी जळाली, आणि गावानं देवाचा भंडारा उचलायला लावून, पुन्हा माळाला आग लावणार नाही, अशी त्याच्याकडून शपथ घेतली. शपथ त्यानं पाळली. मुलगा गेला.

"शपथ माझी हाय, तुझी न्हाई," म्हातारा म्हणाला. "शिकतीस का?"

"शिकते, मामंजी," ठमाई म्हणाली.

पहिल्या हिवाळ्यात त्यानं तिला ठिणगीही पाडू दिली नाही. नुसतं माळावर बसवलं, वारा ओळखायला लावला. मुठीत गवत चुरून बघायला शिकवलं: लवलं तर थांब, कडाडलं तर घरी जा, दोन्हीच्या मधलं असेल तर कामाला लाग. दुसऱ्या हिवाळ्यात तिनं चकमक झाडली आणि ज्योत दिसताच ती किंचाळून पळाली. दुसऱ्या दिवशी सिद्धाप्पा तिला पुन्हा घेऊन गेला. तिसऱ्या हिवाळ्यात तिनं वाऱ्याच्या उलट दिशेनं आग लावली, ओल्या डहाळ्यांनी तिच्या कडा झोडपत तिला रांगत नेलं, आणि उन्हं चढायच्या आत विझवली. वारा फिरणार हे तेव्हा तिला पाखरांच्याही आधी कळे, असं म्हणतात.

गाव मात्र खवळलं. "मेंढरांच्या तोंडचा घास जाळलास!" पाटील ओरडला. तिला कुणी पाणवठ्यावर उभं करीना.

त्याच चैत्रात पश्चिमेकडून वणवा आला, आभाळाएवढा रुंद. माणसं आणि मेंढरं वाट फुटेल तिकडं धावू लागली. ठमाई काळ्या पट्ट्यावर उभी राहून हाका मारत होती, "हिकडं या! जळलेलं पुन्हा जळत न्हाई!"

सगळे तिच्याभोवती गोळा झाले. आग पट्ट्यापाशी आली, नागासारखी उभी राहिली आणि तिथंच खाली बसली, असं म्हणतात.

पट्ट्याच्या टोकापलीकडं गवत अजून पेटत होतं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, पाटील तिकडंच मागं राहिलाय. सिद्धाप्पानं सुनेचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवला, जवळची पाण्याची घागर अंगावर ओतून घेतली आणि गवतात शिरली. धूर दुभंगून तिला वाट देत गेला, असं म्हणतात. थोड्या वेळानं पाटील धडपडत बाहेर आला, तिच्या लुगड्याचं ओलं फडकं तोंडाला बांधून. ती आली नाही.

राख निवल्यावर लोकांनी माळ पालथा घातला. ना हाड सापडलं, ना बांगडी. एका ठिकाणी फक्त सुपाएवढं गवत हिरवंगार उभं होतं आणि त्यात टिटवी अंड्यांवर बसली होती.

पुढच्या थंडीत पाटील सिद्धाप्पाच्या दारात गेला आणि डोक्यावरचं पागोटं त्यानं उंबऱ्यावर ठेवलं. "मला शिकव," म्हणाला.

आजही मार्गशीर्षात करंजमाळावर पट्टा जाळतात. माणसं निरगुडीच्या डहाळ्या घेऊन रांगेत उभी राहतात, आणि वारा जिकडं वाहतो त्या टोकाची एक जागा मोकळी सोडतात. धूर आधी तिथंच जातो, आग सुटायची भीतीही तिथंच, तरी कुणी ती भरत नाही. त्या बाजूनं आजवर आग सुटलेली नाही, असं म्हणतात. मग पाटलाच्या घरातली सगळ्यांत वडील बाई पुढं होते, त्या मोकळ्या जागेकडं बघून विचारते, "ठमाई, लावू का?" आणि वारा पडेपर्यंत सगळं गाव गप्प उभं राहतं.