राजाच्या दोन पोथ्या आणि घाटातला राक्षस

“दोन्ही पोथ्या चालतील! आणि दोन्हींतलं मला हवं तेच चालेल!”

राजा रणधवलांनी असं फर्मावलं आणि समोरच्या सरदारांनी मुकाट्याने हार कबूल केली. सलग चाळिसावी हार!

चंद्रगावच्या दरबारात मुलूखगिरीचा खेळ मोठ्या हौसेने चाले. रंगवलेल्या कापडी पटावर डोंगर, नद्या, किल्ले असत. खेळणारा प्रत्येक जण एकेक सोंग घेई. कुणी किल्लेदार होई, कुणी वैद्य, कुणी जासूद. सूत्रधार नरहरपंत गोष्ट सांगत, “तुम्ही घाटात पोचलात, समोर राक्षस उभा आहे, आता काय करता?” मग फासे पडत आणि पोथीतल्या नियमांप्रमाणे निकाल लागे.

पोथी होती राजाच्या आजोबांच्या वेळची. यंदा दरबारच्या शास्त्रीबुवांनी ती सुधारून नवी लिहिली, आणि तिथेच घोळ झाला. जुन्या पोथीतला धनुर्धर एका दमात तीन बाण सोडी, पण त्याच्या अंगावर साधा अंगरखा. नव्या पोथीत त्याला पोलादी चिलखत मिळालं, पण बाण एकच. राजा नेहमी धनुर्धरच होई, आणि त्याने बाण जुने घेतले, चिलखत नवं! त्याला हरवणार कोण?

शेवटी नरहरपंत हात जोडून म्हणाले, “महाराज, कुठलीही धरा, पण एकच पोथी धरा. खेळात राम उरला नाही.”

राजाला राग आला. “पंत, मला पोथी मिटायला सांगता? ठीक! उद्या दिवस मावळेपर्यंत जो कोणी माझ्याच हाताने, माझ्या खुशीने एक पोथी मिटवून दाखवील, त्याला मागेल ते देईन. नाही जमलं, तर तुम्ही सूत्रधाराची गादी सोडायची!”

पंत खाली मान घालून बाहेर आले. चाळीस वर्षं त्यांनी त्या गादीवरून गोष्टी सांगितल्या होत्या. ओसरीवर चिताऱ्यांची सून येसू नवा पट रंगवत बसली होती. पटावर गावांची नावं घालता यावीत म्हणून पंतांनीच तिला अक्षरं शिकवली होती. पुढे तिने दोन्ही पोथ्या इतक्यांदा वाचल्या की त्या तिला तोंडपाठ झाल्या.

सगळं ऐकून तिने कुंचला खाली ठेवला. “पंतकाका, उद्या तुमच्या जागी मला बसू द्या.”

“अगं, राजा आहे तो! सांगून ऐकणार नाही.”

“मी कुठे काही सांगणार आहे? मी नुसती खेळणार!”

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूला गादीवर बघून राजा हसला. “पोरी, तू मला हरवणार?”

“छे, महाराज! मला नुसता खेळ मांडायचाय. दोन्ही पोथ्या चालतील ना?”

“चालतील!”

“आणि दोन्हींतलं हवं ते घ्यायचं?”

“बेलाशक!”

खेळ सुरू झाला. घाटात राक्षस आला. राजाने तीन बाण सोडले.

“टोचलेसुद्धा नाहीत,” येसू म्हणाली. “जुन्या पोथीत राक्षसाच्या कातडीत बाण शिरत नाही. त्याला आगच लागते.”

“मग ही लावली मशाल!”

“विझली! नव्या पोथीत राक्षसाला आग बाधत नाही. त्याला बाणच लागतो.”

“अगं, पण बाण तर—”

“ते जुन्यातलं घेतलं, महाराज. आग नव्यातली!”

दरबारात खसखस पिकली. राजाने मिशीवर ताव दिला. “असू दे! माझं चिलखत तरी कुठे फुटतंय?”

खरंच फुटत नव्हतं. राक्षस गदा हाणी, राजाला काही होत नसे. राजा बाण मारी, राक्षसाला काही होत नसे. फासे खुळखुळत राहिले आणि ऊन डोक्यावर आलं. मुदपाकखान्यातून तळणीच्या पुऱ्यांचा वास दरवळला. राणीसाहेबांचा निरोप आला, आमरस काढलाय, पानं मांडलीत!

राजा उठू लागला.

“महाराज!” येसू अदबीने म्हणाली. “जुन्या पोथीत आहे, लढाई चालू असता पटावरून जो उठेल तो हरला.”

राजा मटकन खाली बसला. “बरं. ताट इथेच आणा!”

“आणतील की. पण नव्या पोथीत आहे, पटावर बसून जो खाईल तो हरला. रंग खराब होतो म्हणून.”

राजाने पंतांकडे पाहिलं, शास्त्रीबुवांकडे पाहिलं. दोघांनीही होकारार्थी माना डोलावल्या. तेवढ्यात पुऱ्यांची दुसरी टोपली समोरून गेली. राजाची मान टोपलीमागे वळली. आणखी दोन डाव गेले. पोटातली गुरगुर आता सरदारांनाही ऐकू येऊ लागली.

“पुरे!” राजा ओरडला आणि त्याने जुनी पोथी धाडकन मिटली. “ही गेली! आता उठलो तरी हरलो नाही!”

राजा ताडकन उठून दोन पावलं चालला आणि थबकला. सगळा दरबार त्याच्या हाताकडे बघत होता. नरहरपंतांचे डोळे भरून आले होते.

“थांबा, थांबा!” राजा घाईघाईने म्हणाला. “मी फक्त जेवणापुरती मिटली! हात धुतले की पुन्हा उघडणार!”

“खुशाल उघडा, महाराज!” येसू म्हणाली. “पैज पोथी मिटण्याची होती. मिटलेली ठेवण्याची कुठे होती?”

मग राजा असा खदखदून हसला की त्याला खांबाचा आधार घ्यावा लागला. “माग पोरी, माग!”

“पंतकाकांनी आणि मी मिळून एकच पोथी लिहावी, अशी आज्ञा द्या.”

“दिली! आणि यापुढे ह्या गादीवर तुम्ही दोघांनी आळीपाळीने बसायचं!” राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात ठेवलं, आणि तिचं पान राणीसाहेबांच्या शेजारी मांडायला सांगितलं.