झाकोळातला उजेड

एका डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत एकदा एक वृद्ध आचार्य राहत असत. श्रीरंग हा त्यांचा सर्वांत बुद्धिमान शिष्य. अनेक वर्षे तो एकाच ताऱ्याचा अभ्यास करीत होता. खरे तर ते दोन तारे होते, एकमेकांभोवती फिरणारे. त्यांतला एक कधीच मेलेला, आक्रसून लहानसा झालेला. पण त्याची ओढ भयंकर. शेजाऱ्याचे द्रव्य तो सतत ओढून घेई, आणि ते त्याच्यावर कोसळताना इतके तापे की दूरवर लखलखाट दिसे. दर काही तासांनी शेजारी आडवा येई आणि त्या लखलखाटाला ग्रहण लागे.

श्रीरंगने प्रबंध पूर्ण करून आचार्यांपुढे ठेवला. त्यांनी तो चाळला आणि परत त्याच्या हातात दिला.

"ग्रहण चालू असताना घेतलेले वेध कुठे आहेत?"

"ते वगळले, सर. तेव्हा बघण्यासारखं काही नसतं."

"मग आता फक्त तेच घे. लखलखाट सुरू झाला की दुर्बीण बंद."

श्रीरंग मनातून चडफडला. पदवी लांबली. तरी त्याने सांगितले तसे केले. झाकोळाच्या त्या थोड्या वेळात एक मंद, तांबूस उजेड उरत असे. तो शेजाऱ्याचा स्वतःचा. गणित मांडल्यावर श्रीरंगला दिसले, तो तारा पार सोलून निघाला होता.

त्याने हे सांगितले तेव्हा आचार्यांनी विचारले, "सुनेत्रा कशी आहे?"

सुनेत्रा त्याची पत्नी. तीही आचार्यांचीच विद्यार्थिनी. लग्नानंतर तिचे शिक्षण सुटले होते.

"बरी असेल."

"असेल?" आचार्यांचा स्वर बदलला. "अरे, त्या मेलेल्या ताऱ्यात स्वतःचा असा उजेड फारसा उरलेला नाही. झळकतं ते शेजाऱ्याचं. तुझ्या प्रबंधातली निम्मी गणितं सुनेत्राची आहेत. मी शिकवलंय तिला, मला ओळखू येतात. प्रबंध पूर्ण व्हायच्या आधी एकदा तुझा डबा घेऊन आली, तेव्हा जिन्यात मध्येच खाली बसली. तू आत लखलखाट मोजत होतास."

श्रीरंगची मान खाली गेली. "गेलेलं द्रव्य त्या ताऱ्याला परत मिळतं का, सर?"

"नाही. ओढणं थांबवणं तेवढं राहतं. मेलेल्या ताऱ्याला ते जमत नाही. तू जिवंत आहेस."

तो भर दुपारी घरी पोहोचला. अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या वडिलांना औषध देऊन सुनेत्रा भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर त्याचीच आकडेमोड. तिच्या मनगटाची हाडे वर आलेली त्याला आज दिसली. त्याने कागद हळूच काढून घेतले.

"सुनेत्रा, तू पुन्हा शिकायला ये. मी सरांशी बोलतो."

तिने त्याच्याकडे पाहिले. डोळ्यांत रागसुद्धा उरला नव्हता.

"आधी मला झोपू दे," ती म्हणाली.

दिवस कलला तरी ती उठली नाही. तिचा श्वास चालू आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहत श्रीरंग उशाशी बसून राहिला. आतून वडिलांनी सुनेत्राला हाक मारली. तिच्या पापण्या हलल्या. श्रीरंगने तिच्या अंगावर पांघरूण सारखे केले आणि तो स्वतः आत गेला.